हजेरीपटावरची भावंडं

कोर्टाच्या पट्टेवाल्यानं दारात उभं राहून, हनुवटी वर करून "साक्षी जयसिंग कुरणेऽऽ, संग्राम जयसिंग कुरणेऽऽ" असा पुकारा केला, तेव्हा बाकावर बसलेली संघप्रिया उठून उभी राहिली आणि उभी राहिल्यावर तिनं मागं वळून जिन्याकडं पाहिलं. जिन्यावर पान खाल्लेला एक पक्षकार तेवढा होता. पट्टेवाल्याची चूक नव्हती. कागदावर जेवढी नावं तेवढी तो ओरडायचा. माणूस मेलाय, फरार आहे की आफ्रिकेत आहे, हे बघणं त्याच्या कामात बसत नव्हतं. पण गेली चार वर्षं ही दोन नावं नुसती लिहिली जात होती. टाईप होत होती, झेरॉक्स होत होती, त्यांच्यावर गोल शिक्के बसत होते. खेळायला गेलेल्या पोरांना हाका माराव्यात तशी ती कोणी मोठ्यानं उच्चारलेली तिनं ऐकली नव्हती. तिनं स्वतःही कधी हाक मारली नव्हती. फोनवर हाक मारायची वेळच येत नाही, फोनवरचा माणूस आधीच आलेला असतो. हाक मारली की पोरं येतात, इतकी साधी ही गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही, असं तिला क्षणभर खरंच वाटलं. मग सयाजीराव वकिलांनी कोपरानं ढोसलं. "चला की बाई. आपलंच हाय."

आत जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मुलं कुठं आहेत?" सयाजीराव म्हणाले, "शाळेत, साहेब. घटक चाचणी चालू आहे." साहेबांना ते आवडलं. मोठ्या बहिणीनं पोरांचा पेपर बुडवून त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या नाहीत, यात त्यांना पालकत्वाचं मर्म दिसलं असावं. त्यांनी मुख्याध्यापकांचा दाखला उलटसुलट केला, "हजेरी चांगली आहे," असं पुटपुटले आणि सही केली. फेब्रुवारी दोन हजार दोनच्या त्या सकाळी, गरगरण्यापेक्षा खरखरणाऱ्या पंख्याखाली, संघप्रिया जयसिंग कुरणे, वय तेहतीस, एका कॉलेजच्या ऑफिसातली कनिष्ठ लिपिक, राहणार उचगाव, ही त्या दोघांची कायदेशीर पालक झाली. त्या वेळी साक्षी आणि संग्राम टांझानियातल्या मोशी नावाच्या गावात, मिशनच्या वसतिगृहात, बहुधा अजून झोपेतून उठत होते. आयुष्यात ते कधी उचगावला आले नव्हते. कोल्हापूर त्यांनी एका कॅलेंडरवर पाहिलं होतं.

ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली होती. घरी गेली असती तर आक्काताई आत्तीनं, बापाच्या बहिणीनं, पेढे आणायला पिटाळलं असतं. म्हणून ती कोर्टाबाहेरच्या रसवंतीत बसली. रस मागवला आणि प्यायला नाही. रसाच्या वासानं तिला बाप आठवतो, आणि आज तो आठवायलाच हवा होता. जयसिंग कुरणे साखर कारखान्यात पॅनमन होता. पाक उकळत असताना त्यातला थेंब अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मध्ये घेऊन चोळायचा आणि दाणा कधी धरणार ते सांगायचा. त्या दोन बोटांची कातडी भाजून भाजून टणक झाली होती. तो तिचा गाल धरायचा तेव्हा चिमटा नाही, लाकडाच्या दोन चिपा लागल्यासारखं वाटायचं. अंगाला मळीचा गोडसर, आंबूस वास. असल्या बोटांना आफ्रिकेतल्या कारखान्यांत मान होता. चौऱ्याऐंशी साली तो गेला, ती पंधरा वर्षांची असताना. दोन वर्षांनी येतो म्हणाला. पत्रं आधी महिन्याला येत, मग दिवाळीला, मग नाहीच. एकोणनव्वद साली एक फोटो आला. बापाच्या मांडीवर एक कुरळ्या केसांचं, काळंभोर, रागावलेलं बाळ. पाठीमागं लिहिलेलं : ही साक्षी. चौदा फेब्रुवारी. एवढंच. माफी नाही, खुलासा नाही. जणू मधली चार पत्रं पोस्टानं गहाळ केली होती. आई, चिमणाबाई, तो फोटो उंबऱ्यात उजेडाला धरून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "नाक आमच्या घरातलं हाय." ते घर तिच्या नवऱ्याचं होतं आणि नाकही; पण ती 'आमच्या' म्हणाली. त्यानंतर तिनं विषय काढला नाही. पुढं पोटात गाठ निघाली आणि त्र्याण्णव साली ती गेली. आफ्रिकेला तार केली होती. उत्तर आलं ते चार महिन्यांनी, आणि त्यातही एक फोटोच होता. या वेळी दोन मुलं.

अठ्ठ्याण्णव साली तिकडच्या कारखान्याचं पत्र आलं. जयसिंग कुरणे रस्त्यावरच्या अपघातात वारले. मुलांची आई, रेहेमा, तीन वर्षांपूर्वीच हिवतापानं वारली होती. तिचं नाव संघप्रियानं तेव्हा पहिल्यांदा वाचलं. मुलं मिशनकडे आहेत, मुलांची मोठी बहीण असल्याचं मयताच्या कागदांतून दिसतं, तरी कळवावे. शेवटी वसतिगृहाचा फोन नंबर होता. आत्ती म्हणाली, "कळवायचं काय त्यात? आणायची." शेजारची विठाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "काळी हायत म्हणं की ओ पोरं." आत्ती उसळली, "मग आपुन काय मैद्याच्या हाय व्हय गं?"

पहिला फोन तिनं स्टँडजवळच्या बूथवरून, रविवारी सकाळी अकराला लावला. इंग्रजी वाक्यं कागदावर लिहून नेली होती. पलीकडून नऊ वर्षांच्या पोरीचा आवाज आला, "कोन? ताई व्हय? मी साक्षी बोलतोय की." संघप्रियानं वाक्यांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. आवाज पोरीचा होता, शब्द बापाचे होते. प्रत्येक शब्दाच्या शेवटी कसलासा परका हेलकावा, पण बोली तीच. जी संघप्रियानं बी.ए. होईस्तोवर जिभेवरून घासून घासून काढून टाकली होती, ती किलिमांजारोच्या पायथ्याला जशीच्या तशी जिवंत होती. दर रविवारी अकराला मग ती फोन लावू लागली. पोरगी बडबडायची. "बा झोपताना पाय भिताडाला लावायचा, ठावं हाय?" संघप्रियाला ठाऊक होतं, पण ती विसरली होती. "बा तिखाट न्हाय म्हनून भांडायचा." "बा रातीचा रडायचा कधी कधी. तुजं नाव घिऊन." हे तिला ठाऊक नव्हतं. बूथमधून बाहेर पडताना तिच्या लक्षात यायचं की आपण पोरीला कशी आहेस, जेवलीस का, हे विचारलंच नाही. आपण दर आठवड्याला जातो आणि तिच्याकडून बापाचा एकेक तुकडा मागून आणतो. पोरं हवीत की पोरांत साठवलेला बाप हवा, हा प्रश्न तिला पडायचा. आणि उत्तर येण्याआधी उचगावची बस यायची.

सयाजीराव वकिलांनी पहिल्याच दिवशी अडचण सांगितली होती. "कायदा म्हणतो, पोरं जिथं राहतात तिथलं कोर्ट. पोरं आफ्रिकेत म्हटलं की साहेब फाईल बंद करणार. आणि आफ्रिकेतलं कोर्ट म्हणणार, तुम्ही पालक असल्याचा तुमच्याकडचा कागद आणा." "मग?" "मग काय? पोरं उचगावात राहतात." हे ते इतक्या सहज म्हणाले की पोरं आत्ताच बसमधून उतरली असं वाटावं. रेशनकार्डावर नावं चढली. राहता राहिला शाळेचा दाखला. उचगावच्या माळावर एक लहानशी शाळा होती, तिथं केरबा गुरुजी मुख्याध्यापक होते. पट कमी झाला की एक शिक्षक जादा ठरतो आणि त्याची बदली होते, या एकाच भीतीनं त्यांचे केस पिकले होते. दोन पोरं आपणहून दारात चालून आली म्हटल्यावर, ती चालून आलेली नाहीत या गोष्टीला त्यांनी फार महत्त्व दिलं नाही. रजिस्टर उघडलं. जन्मतारीख संघप्रिया सांगणार तोवर त्यांनी दोघांनाही एक जून लिहून टाकलं होतं. गावात त्यांच्या हाताखालून गेलेली सगळी माणसं एक जूनलाच जन्मली होती, स्वतः गुरुजीही. "बरं पडतं," ते म्हणाले. "नोकरीला, रिटायरला. आईचं नाव?"

या ठिकाणी येऊन संघप्रियाची आठवण दर वेळी थांबते. गुरुजींचं पेन वर धरलेलं होतं, निबेला शाईचा फुगा आलेला. बाहेर पोरं पाढे म्हणत होती. रेहेमा हे नाव तिच्या तोंडात होतं, जिभेवर, दातांच्या मागं. ती म्हणाली, "चिमणाबाई." कोणी सांगितलं नव्हतं. नंतर सयाजीराव खूश झाले, "बेस्ट! सख्खी भावंडं झाली, काम सोपं," आणि तिनंही स्वतःला तसंच समजावलं, की हे कामासाठी. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात काम नव्हतं. आई होती, उंबऱ्यात फोटो उजेडाला धरून बसलेली. वाटलं, तुझा नवरा तिनं घेतला ना, घे, तिची पोरं तुला. मेलेल्या बाईला मेलेल्या बाईकडून दोन पोरं काढून देताना तिला जे वाटलं त्याला दुःख म्हणता आलं नसतं. गुरुजींनी नाव लिहिलं आणि टिपकागद दाबला.

तेव्हापासून साक्षी आणि संग्राम उचगावात शिकू लागले. हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली कधी गेली नाही. मधे एकदा गुरुजींनी संग्रामला तीन दिवस गोवर काढला, कारण फारच नियमित पोरगं तपासणीवाल्यांच्या डोळ्यांत येतं. साक्षीला दरवर्षी पंचावन्न-साठ टक्के. आत्तीनं एकदा तक्रार केली की पोरगी हुशार आहे, नंबरात का येत नाही? गुरुजी म्हणाले, "आक्काताई, समजून घ्या. जी येत न्हाय तिनं पहिला नंबर काढला, तर येणाऱ्यांचे बाप भांडायला येतील." हजर पोरांना सरकारकडून महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, तोही रीतसर घरी येई. आत्ती तो वेगळ्या डब्यात ठेवायची, आली की त्यांना घालू म्हणायची. पण तांदळाला किडे होतात आणि पोरं काही येत नव्हती. शेवटी त्या दोघी तो शिजवून खायच्या, आणि जेवताना एकमेकींकडं बघायच्या नाहीत. हळूहळू संघप्रियाला एक सवय लागली. कॉलेजात दुसऱ्यांच्या पोरांचे दाखले टाईप करता करता तिला उचगावची साक्षी दिसायची, दोन वेण्या घातलेली, सावळी, आईच्या चेहऱ्याची, वर्गात मधल्या रांगेत बसणारी, कमी बोलणारी. रविवारी फोनवरची साक्षी खिदळायला लागली की ही दुसरी गप्प व्हायची. एकदा मोशीच्या साक्षीनं सांगितलं की माझा दात पडला, तर संघप्रिया म्हणून गेली, "तुझा तर मागच्या महिन्यातच—" आणि थांबली.

रसाचा ग्लास तसाच ठेवून ती उठली. निकालाची रीतसर नक्कल, तिचं इंग्रजी भाषांतर, शिक्के, सगळं रजिस्टरनं मोशीला पाठवलं, ते मार्चमध्ये. उत्तर मे महिन्यात आलं. तिथल्या समाजकल्याण अधिकारी बाईंचं. टाईप सुबक, भाषा अतिशय सभ्य. त्यांनी लिहिलं होतं की निकाल काळजीपूर्वक वाचला. त्यानुसार आपली भावंडं जन्मापासून आपल्याजवळ उचगाव येथे राहतात, तेथील शाळेत नियमित जातात आणि दोघांचीही जन्मतारीख एक जून आहे. आमच्याकडील दोन मुलं चौदा फेब्रुवारी आणि नऊ नोव्हेंबर या तारखांना इथल्याच दवाखान्यात जन्मली असून त्यांनी हा देश कधीच सोडलेला नाही. तेव्हा एक तर ती वेगळी मुलं आहेत, आणि तसं असेल तर आपल्या भावंडांना आमच्या शुभेच्छा. किंवा ती हीच मुलं असून आपण न्यायालयात असत्य सांगितलं आहे, आणि तसं असेल तर असत्य सांगून पालक झालेल्या व्यक्तीकडे मुलं सोपवणं आम्हांस शक्य नाही. आणखी एका बाबतीत मोठ्या मुलीचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. मुलांची व्यवस्था अन्यत्र लावण्यात येईल. आपली विश्वासू.

पत्रात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. संघप्रियानं ते तीनदा वाचलं, आणि तिला पहिल्यांदा वाटलं ते हे, की इतकं नेटकं पत्र आपल्या ऑफिसात कोणाला लिहिता येणार नाही. मग ती पत्र घेऊन सयाजीरावांकडं गेली. सयाजीरावांनी पत्र वाचून डोळे मिटले. "खरं सांगायचं म्हटलं तर तुम्ही, मी आन् गुरुजी, तिघंबी आत. तुमची नोकरी गेली. निकाल रद्द. मग परत पहिल्यापासून." "पहिल्यापासून म्हणजे?" "पहिल्यापासून म्हणजे, या कोर्टाला अधिकारच न्हाय." ती म्हणाली, "तरी मी सांगणार." वकील म्हणाले, "सांगा की. पर कुणाला?" गुरुजींकडं गेली तर ते रजिस्टर छातीशी धरून बसले. "बाई, पोरगी औंदा सातवी झाली. चांगली पास झालीया. आता कशाला तिची वाट लावता?" क्षणभर तिच्याही तोंडून निघून जाणार होतं, की खरंच, कशाला.

रविवारी अकराला ती बूथवर गेली. ठरवून गेली होती. उद्या कोर्टात जाऊन सगळं सांगायचं, नोकरी गेली तर गेली, हे आधी साक्षीला सांगायचं. मागच्या बाकावर तीन-चार माणसं रांगेत बसली होती. तिनं काचेचं दार ओढलं, ते पुरतं लागत नव्हतं.

"ताई," साक्षी म्हणाली. या वेळी बडबड नव्हती. तेरा वर्षांची झाली होती, आवाज खाली उतरला होता. "म्याडमनं मला तुजा कागद दावला. कोर्टाचा."

"हो. साक्षी, ऐक, त्याचंच मला—"

"मी सगळा वाचला. मला येतंय वाचाय. चिमणाबाई कोन?"

पलीकडं कोणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज इतक्या लांबून स्पष्ट येत होता.

"माझी आई," संघप्रिया म्हणाली.

"तुजी व्हय. कागदात आमची म्हनून लिवलीया."

"ते कागदापुरतं होतं गं. काम लवकर व्हावं म्हणून."

"आमच्या आयचं नाव लिवलं असतं तर काम झालं नसतं?"

झालं असतं. वेळ लागला असता, सयाजीरावांनी आणखी एक तारीख घेतली असती, पण झालं असतं. संघप्रियानं काचेचं दार पुन्हा एकदा ओढून बघितलं.

"म्याडमनं इचारलं, ही तुमीच का? मी म्हटलं, न्हाय. आमच्या आयचं नाव रेहेमा हाय. ही दुसरी कोनतरी असत्याल."

"साक्षी, मी उद्या कोर्टात जाते. सगळं खरं सांगते. मग तुम्हांला—"

"सांग की. पर आमी आता म्वांझाला चाललोय. मावशीकडं. ती परवा आलती."

"मावशी? इतकी वर्षं कुठं होती ती?"

"तिला म्हाईतच नव्हतं. म्याडमनं हुडकलं तिला. ती आली, आमाला बघितलं आन् म्हटली, चला."

"आणि कागद? तिला कागद नाही मागितला?"

"मागितला की. तिच्याकडं हुता एक. बाप्तिस्म्याचा. त्यात आयचं नाव हाय आन् तिचं हाय." "ताई, ती हसली की आयवाणी दिसती. मी इसारलो हुतो आय कशी दिसायची."

संघप्रियानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पोरीला काय झालंय ते तिला नेमकं कळत होतं, इतर कोणाहीपेक्षा जास्त. रागावलेली असती तर बरं झालं असतं, समजूत घालता आली असती. पोरगी रागावलेली नव्हती. तिला तिचा तुकडा मिळाला होता, आणि ती निघाली होती.

"मी येऊ का तिकडं?" ती म्हणाली. पासपोर्ट नव्हता, काही नव्हतं, तरी म्हणाली.

"ये की," साक्षी म्हणाली, पाहुण्याला म्हणावं तसं. "संग्रामला बोलायचं हाय. त्यो रडाय लागलाय, मी त्याला सांगितलं सगळं. देतो."

फोनवर आधी नुसता श्वास आला. मग नाक ओढल्याचा आवाज. संग्राम तिच्याशी आजवर दोन-चार शब्दांपलीकडं बोललेला नव्हता, त्याला बापाची भाषा धड येत नव्हती.

"ताई. तुज्याकडं दुसरा संग्राम हाय?"

दाराच्या फटीतून मागचे लोक तिच्याकडं बघत होते. ती भिंतीकडं वळली.

"हाय," ती म्हणाली. कित्येक वर्षांनी तिच्या तोंडून असा शब्द निघाला होता.

"त्यो शाळंत जातो?"

"जातो रे."

"त्येला मार बसतो?"

"न्हाय. त्येला कोण मारत न्हाय."

पलीकडं साक्षी त्याला काहीतरी हळू सांगत होती, त्यांच्या तिकडच्या भाषेत. मग बापानं शिकवलेलं, एकेक अक्षर जपून ठेवत, तो म्हणाला, "त्येला माजा जय भीम सांग."

"सांगते," संघप्रिया म्हणाली, आणि फोन कट झाल्यावरही रिसीव्हर कानालाच धरून उभी राहिली, तेव्हा बाकावरच्या एका माणसानं काचेवर बोटानं टकटक केलं. "आवरा की ओ बाई. आमचं बी माणूस तिकडं वाट बघत बसलंय."